फ्रेंच उच्चार: इंग्रजीच्या वाटेने जावं की मराठीच्या?

मुळामुठा

नमस्कार मंडळी,

कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) फ्रेंचच्या मागे लागले आहे. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथल्या गुणांवरच्या निवड पद्धतीत, इंग्रजी बऱ्यापैकी असेल आणि फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पातळी) गाठली, तर ५० जादा गुण मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या आहेत. त्यामुळे आमच्या ऑफिसात डबा खाता खाता क्रियापदं चालवणारी माणसं हल्ली दिसतात. त्यातलीच मी एक.

वाचन, लेखन, व्याकरण ठीक चाललंय. अकरावी-बारावीला मराठीऐवजी फ्रेंच घेतलं होतं. का, ते पुण्यातल्यांना सांगायला नको. मार्क भरभरून मिळाले, तोंडातून मात्र एक वाक्य बाहेर पडलं नाही. आता टेफच्या (कॅनडासाठी द्यायच्या फ्रेंच परीक्षेच्या) तोंडी भागाची तयारी करताना तेच नडतंय. घरी मराठी असली तरी माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे रोमन अक्षर दिसलं की जीभ आपोआप इंग्रजीच्या रुळावर जाते. पुस्तकं आणि ॲप्सही इंग्रजांना आणि अमेरिकनांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. 'हा स्वर इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखा, फक्त थोडा पुढे.' थोडा म्हणजे किती, आणि पुढे म्हणजे कुठे?

मुख्य अडचण 'तू' आणि 'सगळं' या दोन फ्रेंच शब्दांची. माझ्या तोंडून दोन्ही सारखेच निघतात. नाकातले स्वर तीन की चार, यावरही शिकवणाऱ्यांचं एकमत नाही. आणि तो घशातला र लागतोच का?

अनुभवी लोकांनी लिहावं.

---

कोमल_निषाद

रुमाल टाकून ठेवतो. र वर लिहायचंय, संध्याकाळी येतो.

---

गवती_चहा

मुळामुठा, चांगला विषय काढलात. फ्रेंच शिकवण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

इथे देवनागरीशिवाय लिहायची सोय नाही, म्हणून आधी खुणा ठरवू. अक्षरापुढे तारा असेल तर ओठांचा चंबू करायचा. जीभ मूळ स्वराच्याच जागी ठेवायची, फक्त ओठ गोल. चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून सोडायचा, न किंवा म चा मागमूस नको. झ़ म्हणजे श म्हणताना घशात घुमणारा आवाज, आपल्या झाडातला झ नव्हे. ज़ म्हणजे जहाजातल्यासारखा दंत्य ज, पण सुरुवातीचा द काढून टाकलेला.

आता तुमचा 'तू'. त्यात उ नाहीच. 'ती' म्हणा. ई लांबवत ठेवा, जीभ जराही न हलवता ओठ शिट्टी वाजवायला करतो तसे पुढे काढा. जे ऐकू येईल ते ती*. 'सगळं' म्हणजे साधा आपला तू. इंग्रजी माध्यमातली माणसं ती* ऐवजी 'त्यू' म्हणतात, कारण इंग्रजीत असा स्वर नाही आणि त्यांचं तोंड आधी य आणि मग ऊ अशी दोन कामं एकामागून एक करतं. इथे दोन्ही एकाच वेळी करायची आहेत. याच पद्धतीने री* म्हणजे रस्ता आणि रू म्हणजे चाक. दसी* म्हणजे वर आणि दसू म्हणजे खाली. हे शेवटचं एखाद्याला कपाटातली वस्तू काढून द्यायला सांगताना आठवा.

हाच प्रयोग ए वर करा. ए धरून ठेवा आणि ओठ गोल करा: दे* म्हणजे दोन. इथे चुकलं तर गाडी चुकते. दे*ज़े*र म्हणजे दोन वाजता आणि दूज़े*र म्हणजे बारा वाजता. तुम्ही दोनची वेळ सांगताना ओठांबरोबर जीभही मागे नेलीत, तर समोरचा निवांतपणे बाराला येऊन बसेल.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. मराठी माणसाला फ्रेंचचं जे सोपं आहे तेच तो इंग्रजीतून शिकून अवघड करून घेतो. रोमन 'टी' दिसला की आपण ट म्हणतो. इंग्रजीचा टी आपल्या कानाला ट वाटतो, म्हणून ती सवय. फ्रेंच टी हा आपला त आहे, दातांना जीभ लावून म्हणायचा. डी म्हणजे द. तरी वर्गात 'ट्रे बियाँ' (फार छान) ऐकू येतंच. तीच गोष्ट ए आणि ओ ची. इंग्रज एकटा ए म्हणूच शकत नाही, त्याला शेपटासारखी इ लागते. आपला ए सरळ आहे, फ्रेंचांचाही सरळ आहे. तर वही उघडताना इंग्रजी तोंड बाजूला ठेवा आणि आजीचं तोंड घ्या.

र बद्दल निषाद लिहितीलच. बाकी उद्या.

---

पुरणपोळी_लीड्स

गवतीताई, अगदी बाडिस (सहमत)! आमच्या घरी याचं प्रात्यक्षिक रोज चालतं. लेक इथे इंग्लंडातच जन्मलेली, घरात मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. शाळेत फ्रेंच आहे आणि जीसीएसईला (इथल्या शालान्त परीक्षेला) तोंडी परीक्षा आहे. म्हणजे खरीखुरी इंग्रजी भाषक मुलगी फ्रेंच शिकताना काय करते ते मी जवळून बघते आहे.

पहिली गोष्ट हवेची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हे अर्धे फ, ठ, ख असतात. तिच्या तोंडासमोर कागदाचा कपटा धरला आणि 'पारी' (पॅरिस) म्हणायला लावलं, तर कपटा उडाला. मी म्हटलं तेव्हा हलला नाही. तिला वाटलं मी काहीतरी जादू करतेय. मग तिला 'पाटी' आणि 'फाटी' आलटून पालटून म्हणायला लावलं. मराठी कानांवर पडलेली असल्याने फरक लगेच कळला. तिच्या मैत्रिणींना हे समजावणं मात्र कठीण, कारण त्यांच्या भाषेत या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून तो त्यांना ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाच्या शेवटच्या ल ची. इंग्रज तिथे जीभ मागे ओढून जाड ल काढतात, फ्रेंचमध्ये तो आपल्या 'फूल'मधल्यासारखा स्वच्छ हवा. आणि तिसरी म्हणजे आघात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळायची पद्धत आहे. फ्रेंचमध्ये सगळी अक्षरं सारख्या मापाने येतात आणि शब्दसमूहाचं शेवटचं अक्षर थोडं लांबतं, बस. 'युनिव्हर्सिटी'तला 'व्हर्' ती जसा ठोकते तसा फ्रेंचमध्ये ठोकला की सगळं वाक्य लंगडतं.

सध्या तिचं पाठांतर: ता ताँत ताताँ. (तुझी मावशी तुझी वाट बघतेय.) पाचही त दातांवर. मावशी खरोखर नाशिकला वाट बघतेय हा भाग वेगळा.

---

कोमल_निषाद

आलो. र.

गुळण्या करून हा र शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्याने घसा खरवडतो आणि र येतो तो दहापट जाड. गझल ऐकणाऱ्याला याची गरज नाही. उर्दूतला 'ग़म'चा ग़ आठवा. जिभेचं मागचं टोक पडजिभेजवळ जातं, पण टेकत नाही, आणि मधल्या फटीतून हवा घासत जाते. जिभेचा शेंडा खालच्या दातांमागे झोपलेला असतो. तो जागा झाला की आपला मराठी र येतो. प, त, क यांच्या मागोमाग आला की याच र चा घोष (घशातला कंप) जातो आणि तो 'ख़त'च्या ख़ सारखा होतो. म्हणजे 'फार' या अर्थाचा शब्द लिहिताना आपण त्रे लिहितो, पण ऐकू येतं त्ख़े असं काहीतरी. शब्दाच्या शेवटी तर तो नुसता श्वास उरतो.

गायिका एदित पियाफच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत र भरपूर थरथरतो. तो रंगमंचावरचा र आहे. त्याची नक्कल करून बेकरीत पाव मागायला गेलात तर लोक वळून बघतील.

आणि हा र लागतोच का? माझं मत: नाही. मराठी र ने अर्थ बिघडत नाही. फ्रान्सच्या खेड्यांतले जुने लोक जिभेच्या शेंड्यानेच र म्हणत, आफ्रिकेत आजही कितीतरी फ्रेंच बोलणारे तसाच म्हणतात. नको आहे तो इंग्रजी र, ज्यात जीभ कुठेच न टेकता आत वळते. तो शेजारच्या स्वरालाही रंग लावतो आणि मग शब्दच ओळखू येत नाही.

---

तळलेला_बांगडा

नाकातले स्वर? आमका शिकवतलास? 😄

वेंगुर्ल्याचा आहे. आमच्याकडे अर्धं बोलणं नाकातूनच चालतं. कोकणीत तर नाकातल्या स्वराने अर्थच बदलतो. पुण्याच्या प्रमाण मराठीने १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले ते बरोबरच होतं, कारण तिथे ते कोणी उच्चारत नव्हतं. पण आमच्या आज्यांच्या बोलण्यात ते होते आणि आहेत. गोव्यात फ्रेंच शिकायला गेलो तेव्हा हे स्वर मला पहिल्याच आठवड्यात जमले आणि बाजूचा अंधेरीचा मुलगा 'बॉन बॉन' करत बसला होता.

---

मुळामुठा

बांगडा, जळवू नका! मग आम्ही 'बॉन'वाल्यांनी काय करायचं?

आणि गवतीताई, ती* जमलं असं वाटतंय. आरशासमोर करून बघितलं. आता उलटाच त्रास, सगळीकडे तोच स्वर येतोय. 'मेर्सी बोकू' मध्येसुद्धा.

---

बर्फाळ_बटाटा

मुळामुठा, तिथे जपा! 'बोकू' म्हणजे पुष्कळ. 'बो की*' म्हणजे सुंदर पार्श्वभाग. आभार मानताना हा फरक महत्त्वाचा आहे. इथे माँरेआलमध्ये (कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये) नव्याने आलेल्यांच्या वर्गात हा विनोद दरवर्षी होतो.

---

गवती_चहा

😂 बटाटा, तुम्ही वाचवलंत त्यांना.

आता नाक. बांगड्यांचं म्हणणं खरं आहे. कोकण-गोव्यातली मुलं इथे पुढे असतात. बाकीच्यांची अडचण नाकात नसून लिपीत आहे, हे लक्षात घ्या. देवनागरीतला अनुस्वार पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक होऊन बसतो. 'बोंजूर' लिहिलं की आपण बोञ्जूर वाचतो, 'आंफां' लिहिलं की आम्फान. म्हणजे जीभ टाळूला टेकते किंवा ओठ मिटतात. फ्रेंचमध्ये काहीच टेकत नाही, काहीच मिटत नाही. 'बोँ' म्हणून झाल्यावर तोंड उघडंच असलं पाहिजे. शंका असेल तर तिथेच थांबून बोटाने तपासा: जीभ खाली आहे ना?

प्रमाण मराठीवाल्यांनाही एक वाट आहे. 'संयम' म्हणून पाहा. सं आणि य यांच्यामध्ये न येत नाही, म येत नाही, पण नाक चालू असतं. ती जागा पकडा आणि तिथेच रेंगाळा.

तीन की चार? जुन्या हिशेबाने चार. 'एक चांगली पांढरी वाइन' या अर्थाच्या छोट्या वाक्प्रयोगात चारही येतात, म्हणून शिक्षकांचा तो लाडका आहे. पॅरिसमध्ये आता पहिला, म्हणजे 'एक' मधला, 'वाइन'मधल्यात मिसळून गेला आहे. तुम्ही तीन शिका. पॅँ म्हणजे पाव, पाँ म्हणजे मोर, पोँ म्हणजे पूल. पाव-मोर-पूल. मी आँ लिहिलं असलं तरी पॅरिसचा तो स्वर आपल्या आ पेक्षा ऑ कडे झुकलेला असतो, ओँ तर अगदी बंद ओ असतो आणि 'पाव'मधला ॲ च्या आसपास. कानांनी नीट ऐका, माझ्या देवनागरीवर विसंबू नका.

आणि एक महत्त्वाचं. लिहिताना नाकातल्या स्वरामागे जो न असतो, त्याच्यापुढे स्वर आला किंवा दोन न आले की नाक बंद आणि न परत. पुल्लिंगी 'चांगला' बोँ, स्त्रीलिंगी 'चांगली' बॉन. म्हणजे अंधेरीचा तो मुलगा चुकत नव्हता, फक्त सगळ्या जगाला स्त्रीलिंगी करत होता.

---

ध्वनिवेडा

विषय छान, पण ही ताऱ्यांची देवनागरी बघून डोकं दुखलं. गवतीताईंनी स्वतःच वर लिहिलंय की लिपीनेच घोटाळा होतो, आणि लगेच त्याच लिपीत नवीन खुणा! आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) शिका. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी आणि त्यांच्याबरोबरच्या भाषाशिक्षकांनी संस्था काढली ती नेमकी याचसाठी, वर्गात परभाषेचे उच्चार शिकवता यावेत म्हणून. फ्रेंचला लागणारी चिन्हं चाळिसाच्या आत आहेत. चांगल्या शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे छापलेली असतात. एकदा शिकलात की कुणाच्या ताऱ्यावर अवलंबून राहायला नको.

---

गवती_चहा

ध्वनिवेडा, आयपीएला विरोध नाही, माझ्या विद्यार्थ्यांना मी ती शिकवतेच. पण इथे ती टंकता येत नाही, आणि ओठांचा चंबू करायचा हे कळल्याशिवाय ते चिन्ह पाठ करून उपयोग काय? चिन्ह ओळखणारे आणि तरीही त्यू म्हणणारे मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत.

---

ध्वनिवेडा

मान्य. पण मग ऐकण्याचाही सराव सांगा की. लोक तोंडाच्या मागे लागतात, कानाच्या नाही. आधी दोन आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत. फोर्व्हो या उच्चार ऐकवणाऱ्या संकेतस्थळावर री* आणि रू शोधा, वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात मिळतात. डोळे मिटून कोणता लागला ते ओळखा. सलग बरोबर यायला लागलं की मगच तोंड उघडा. आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या आहेत, रोज साधारण दहा मिनिटांच्या, सोबत लेखी मजकूरही मिळतो. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चालीत म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐकायचं.

आणखी एक युक्ती: फोनच्या कीबोर्डवर फ्रेंच भाषा लावून बोलून टंकन करा. एकटा शब्द बोला, वाक्य नको. वाक्यात ते यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि तुमचा चुकलेला उच्चारही पोटात घालतं. एकट्या शब्दाला तसं करता येत नाही. 'खाली' म्हटल्यावर 'वर' लिहून आलं, की समजा.

---

बर्फाळ_बटाटा

तुम्ही सगळे पॅरिसबद्दल बोलताय. मुळामुठा येणार आहेत कॅनडाला, तर केबेकचंही (तिथल्या फ्रेंचभाषक प्रांताचंही) ऐका.

इथे ई आणि ई* च्या आधी आलेला त हा त्स होतो आणि द चा द्झ. 'तू' म्हणजे त्सी*. सोमवार 'लँद्झी', मंगळवार 'मार्द्झी'. फ्रान्सहून आलेला माझा सहकारी याला हसतो. मी नाही हसत, कारण 'चांगला'तला आणि 'चोर'मधला आपला दंत्य च म्हणजे हाच आवाज, आणि 'जग'मधला ज म्हणजे दुसरा. इंग्रजी बोलणारे आमच्या वर्गात यावर घाम गाळत होते. मी पहिल्या दिवशी म्हणून दाखवलं तर बाईंनी विचारलं, तुम्ही आधी इथे राहिला होतात का?

नाकातले स्वर इथे अजूनही चारच आहेत. आणि त्यांच्या जागा सरकलेल्या आहेत. इथला आँ खरोखर आपल्या आ जवळचा आहे, आणि 'पाव'मधला स्वर ए कडे गेलेला. पॅरिसच्या ध्वनिफिती ऐकून आलेल्याला सुरुवातीला एकाच्या जागी दुसरा ऐकू येतो. लांब स्वर फाटून दोन होतात, 'वडील' म्हणताना मध्येच एक वळण येतं. आणि बोलताना 'मी आहे' चं 'श्वी' होतं, कधी तर नुसतं 'शी*'. घाबरू नका. परीक्षेला कुठलंही चालतं, फक्त अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका.

---

मुळामुठा

त्सी* चं वाचून मजा आली. मराठीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

परीक्षेत उच्चाराचे गुण वेगळे असतात का?

---

गवती_चहा

डेल्फच्या (फ्रेंचच्या दुसऱ्या एका प्रमाणपत्र परीक्षेच्या) तोंडी परीक्षेच्या निकषांत ध्वनिव्यवस्थेवरचं प्रभुत्व हा वेगळा मुद्दा असतो. टेफमध्ये तुम्हाला दोन प्रसंग मिळतील. पहिल्यात जाहिरात वाचून फोनवर माहिती विचारायची, दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवायची. परक्या ढबीबद्दल कोणी शिक्षा करत नाही. पण परीक्षकाला पुन्हा विचारावं लागलं की ओघ तुटतो. पहिल्या प्रसंगात वेळ, किंमत, पत्ता विचारावे लागतात आणि समोरून आकडेच आकडे येतात. म्हणून आधी आकडे पक्के करा.

---

कास्काव्हेल

सर्वांना सादर नमस्कार. मी मॉरिशसहून लिहीत आहे. माझे पूर्वज एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून करारावर ऊसमळ्यांत काम करायला आले. आमच्या शाळांत मराठी शिकवली जाते, तिथेच मी शिकलो, चुका सांभाळून घ्याव्यात.

आमच्याकडे घरात क्रेओल (फ्रेंचपासून घडलेली आमची बोली), वर्तमानपत्र फ्रेंच, संसदेचा कारभार इंग्रजी अशी व्यवस्था आहे. हा धागा वाचताना एक गंमत जाणवली. तुम्ही ज्यांना विद्यार्थ्यांच्या चुका म्हणता, त्यांची आमच्याकडे भाषा झाली आहे. गवतीताईंचा तारा क्रेओलमध्ये गळून पडतो. फ्रेंचमध्ये रस्ता 'ला री*', आमचा 'लारी'. फ्रेंचमध्ये भात 'दी* री', आमचा 'दिरी'. दोन म्हणजे 'दे'. झ़ चा ज़ होतो, दिवस 'झ़ूर' न राहता 'ज़ूर' होतो. श चा स होतो, गाणे म्हणजे 'सांते'. नाकातले स्वर मात्र टिकले आहेत.

आमची मुले शाळेत जेव्हा फ्रेंच बोलतात तेव्हा त्यांना इंग्रजीशी नव्हे तर याच क्रेओलशी झुंजावे लागते. अर्थ कळतो, शब्द ओळखीचा असतो, आणि म्हणूनच ओठ आळशी राहतात. माझ्या मते ओळखीची भाषा जवळ असणे हे नेहमीच सोयीचे नसते.

---

कोमल_निषाद

कास्काव्हेल, दंडवत! तुमच्या मराठीत चुका शोधायला भिंग लागेल.

अवांतर: आपल्याकडेही हेच झालंय. पेशव्यांच्या कागदपत्रांत फ्रेंच म्हणजे फराशीस. निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या नावातला 'मेस्ये*' (महाशय) लोकांनी 'मूसा' केला, आणि हैदराबादेत मूसारामबाग आजही आहे.

---

पुरणपोळी_लीड्स

अवांतर आवडलं, पण झ़ वरून आठवलं. लेकीला झ़ येतो, इंग्रजीत आहे म्हणून. मला येत नाही! फ्रेंचमधला 'मी' म्हणताना मी झ़ ऐवजी ज म्हणते आणि ती माझी मान खाली घालायला लावते. आणि व्ह चं काय? मी आपलं 'व्हू' (तुम्ही) म्हणते तर तिला त्यात ह ऐकू येतो.

---

गवती_चहा

झ़ साठी: 'शऽऽऽ' करत कुणाला गप्प करा, आणि ते करता करता गळ्यावर हात ठेवून आवाज चालू करा. हाताला कंप लागला की तोच झ़. जिभेचं टोक टाळूला टेकवू नका, टेकलं की ज होतो. हे ज़ आणि स बद्दलही लागू: 'पुआसोँ' म्हणजे मासा आणि 'पुआज़ोँ' म्हणजे विष. बांगड्यांनी विशेष लक्ष द्यावं.

व्ह ही लिपीची आणखी एक फसवणूक. आपला व दोन ओठांच्या मधला, मऊ. इंग्रजीचा 'व्ही' दाखवायला आपण त्याला ह जोडला आणि मग तो ह खरोखर म्हणायला लागलो. वरचे दात खालच्या ओठावर हलके ठेवा आणि गुणगुणा. ह नाही, हवेचा झोत नाही. 'आवाज' या अर्थाच्या शब्दात तर हा दातांचा व आणि लगोलग ओठांचा व असे दोन्ही लागतात. म्हणून आधी दात, मग ओठ.

---

मुळामुठा

शेवटची शंका. न उच्चारायची अक्षरं कशी ओळखायची? आणि न उच्चारलेली मध्येच कशी उगवतात?

---

ध्वनिवेडा

ढोबळ नियम: शब्दाच्या शेवटी सी, आर, एफ, एल असेल तर बहुधा उच्चारायचं, बाकी व्यंजनं बहुधा मुकी. अपवाद आहेतच, मुख्य म्हणजे ई-आर ने संपणारी क्रियापदं, त्यात आर मुका. शेवटी ई हे रोमन अक्षर लागलं की आधीचं व्यंजन जागं होतं: 'लहान' पुल्लिंगी पती, स्त्रीलिंगी पतीत. (हो, पती. हसून घ्या.) क्रियापदाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनातलं शेवटचं ई-एन-टी पूर्ण मुकं. ते वाचणारा मनुष्य लांबूनच ओळखू येतो.

मधला ई गळतो तेव्हा मराठी माणसाला काहीच वेगळं शिकावं लागत नाही. आपण 'करतो' लिहितो आणि कर्तो म्हणतो, ते 'सामदी' (शनिवार) असंच म्हणतात. पण गाळल्यावर तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर तो राहतो, म्हणून शुक्रवार 'वाँद्रदी' पूर्ण. मोरिस ग्रामोँ या भाषाशास्त्रज्ञाने हा नियम मांडला.

उगवणाऱ्या अक्षरांचं म्हणजे लिएज़ोँचं: मुक्या व्यंजनापुढे स्वर आला की ते पुढच्या शब्दाला चिकटतं. मुलं म्हणजे आँफाँ, पण 'ती मुलं' ले-ज़ाँफाँ. एस आणि एक्स चा ज़, डी चा त होतो. उपपद आणि नाम यांच्यात हे करावंच लागतं. 'आणि' या अर्थाच्या शब्दापुढे कधीच करायचं नाही. आणि काही शब्दांच्या सुरुवातीचा मुका एच हे जुळणं अडवतो. 'ले एरो' म्हणजे नायक लोक. तिथे ज़ जोडलात तर 'ले ज़ेरो', सगळे शून्य.

---

बर्फाळ_बटाटा

आकड्यांचा त्यातच भाग येतो, म्हणून जोडतो. सहा हा एकटा असला तर सीस, पुढे व्यंजन असेल तर सी, स्वर असेल तर सीज़. नऊला 'वाजता' जोडला की ने*फ चा ने*व होतो. वीसमधला त एकट्याने मुका, पण बावीस ते एकोणतीस म्हणताना बोलतो, आणि एक्क्याऐंशीत पुन्हा गप्प. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. फ्रान्समध्ये फोन नंबर जोडीजोडीने सांगतात. 'चार-वीस' ऐकून ८० लिहावं तर पुढे 'सतरा' येतं आणि ते ९७ निघतं. बेल्जियममध्ये सत्तर आणि नव्वदला स्वतंत्र शब्द आहेत. तिथे जावं असं कधी कधी वाटतं.

---

मुळामुठा

सगळ्यांचे आभार, उच्चार सांभाळून: मेर्सी बोकू. 😄

कुणाला चालणार असेल तर शनिवारी भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसातला झूमवर जोड्यांचा सराव करू या का? कास्काव्हेल, तुमच्याकडे सहा वाजलेले असतील. लीड्समध्ये सध्या थंडी, म्हणजे दुपारचे दोन. माँरेआलला सकाळचे नऊ.

---

पुरणपोळी_लीड्स

मी आणि लेक दोघी. ती ऐकून चुका काढेल, फुकट.

---

तळलेला_बांगडा

येतो. मासा आणि विष तोवर पाठ करतो.

---

गवती_चहा

येईन. प्रत्येकाने दहा जोड्या लिहून आणा, अर्थ लिहू नका. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अर्थ चुकला तर म्हणणाऱ्याची चूक. आणि कॅमेरा चालू ठेवा, मला ओठ दिसले पाहिजेत.